अंथरूण सोड, बाई

अगं, काल फोनवर बोलता बोलता तुला शिंक आली आणि तू केवढ्यानं कळवळलीस! कमरेतून निघून मांडीमागून थेट करंगळीपर्यंत जाणारी ती कळ सायटिकाची. मणक्यांमधली गादी सरकली, नस दाबली गेली की शिंकतानाही जीव जातो. पण सहा दिवस तू अंथरुणातच आहेस हे ऐकलं आणि राहवेना.

'पडून राहा, बरं वाटेल' असं आईही सांगायची. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी नेमकं हेच तपासलं. सायटिकाचे १८३ रुग्ण घेतले; काहींना दोन आठवडे झोपवून ठेवलं, बाकीच्यांना जमेल तशी रोजची कामं करू दिली. १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आले. बारा आठवड्यांनी दोन्हींकडे ८७ टक्के लोकांना उतार पडला होता. झोपून राहिलेल्यांच्या पदरात जास्तीचं काहीच पडलं नाही. मला त्यातला ८७ हा आकडाच मोठा धीर देतो. सरकलेल्या गादीचा तुकडा पुष्कळदा शरीरच हळूहळू जिरवतं गं.

आता ती प्रीगाबॅलिनची गोळी. शेजारच्या काकूंना मधुमेहामुळे पायांची आग होते, त्यावर ती चालते. म्हणून तूही मागून घेतलीस. ऑस्ट्रेलियात सायटिकाच्या २०९ जणांवर तिचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये प्रसिद्धही झाला. काहींना खरी गोळी, काहींना हुबेहूब तशीच पण औषध नसलेली. कुणाच्या हातात कुठली, ते रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही. आठ आठवड्यांनी दहापैकी पायदुखी किती? खरी गोळी घेणाऱ्यांची ३.७, दुसऱ्यांची ३.१. म्हणजे औषधानं दुखणं हटलं नाहीच, चक्कर मात्र खरी गोळी घेणाऱ्यांनाच जास्त आली. परवा न्हाणीघरात तुला भोवंडलं, ते आठव. डॉक्टरांना सगळं खरं सांग. बरेच दिवस घेत असलीस तर मनानं एकदम तोडूही नकोस, ती हळूहळू कमी करतात.

ऑपरेशनचा धसका आत्ताच घेऊ नकोस. नेदरलँड्समध्येच २८३ जणांचा अभ्यास झाला. लवकर ऑपरेशन केलेल्यांना थांबून राहिलेल्यांपेक्षा आराम लवकर पडला, पण वर्षाअखेर दोन्ही गटांतले ९५ टक्के बरे झालेले होते. चार-सहा महिने उलटूनही कळ तशीच राहिली तर गोष्ट वेगळी. तेव्हा ऑपरेशनचा खरोखर उपयोग होतो, आपण दोघी जाऊ डॉक्टरांकडे.

एक मात्र घोकून ठेव. लघवी अडली किंवा झालेली कळेना, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर त्याच तासाला हॉस्पिटल गाठ. रात्र असो, पाहुणे असोत. मला फोन नंतर कर.

आज दारापर्यंत चाल, उद्या जिन्यापर्यंत. कळ वाढली की थांब, पण परत आडवी होऊन राहू नकोस. धुण्याची बादली तेवढी उचलू नकोस, रविवारी मी येतेच आहे.