कंबरदुखीमागचा प्रोस्टेटचा कर्करोग



प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला की रुग्ण पुष्कळदा लघवीची नव्हे, कंबरेची तक्रार घेऊन येतो. ओटीपोटातल्या शिरा मणक्याभोवतीच्या झडपा नसलेल्या शिरांना जोडलेल्या असतात, हे बॅटसन यांनी १९४० मध्ये दाखवले. रोगाची ती एक वाट. कमरेचे मणके, कटीची हाडे, फासळ्या आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग ही त्याची नेहमीची ठिकाणे.

श्रमाने धरलेली कंबर आडवे झाले की सहसा निवते. ही मात्र अंथरुणातही ठणकते, झोपमोड करते, आठवड्यागणिक वाढते. साठी उलटलेल्या पुरुषाला असे नवे दुखणे लागले, तर ‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणून पट्टा बांधून त्याला घरी धाडू नये. लघवीची धार बारीक झाली का, वजन उतरले का, हे विचारावे. लघवी साफ होते म्हणून शंका सोडू नये. ही गाठ बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, मूत्रमार्गापासून दूर वाढते. गुदमार्गातून बोटाने तपासायला संकोच आड येतो, रुग्णाचा आणि डॉक्टरचाही. पण मिनिटभराच्या त्या तपासणीत दगडासारखी टणक, खडबडीत ग्रंथी आणि बुजलेली मधली खाच बोटाला लागली, तर पुढची दिशा तिथेच ठरते.

रक्तातला पीएसए अशा वेळी अनेकदा शंभराच्या वर असतो. अल्कलाइन फॉस्फटेज वाढते, हिमोग्लोबिन उतरते. एक्स-रेत हाड बहुधा पोखरलेले नव्हे, तर दाट, पांढरे दिसते. मायलोमात ते पोखरलेले असते. आपल्याकडे क्षयही ध्यानात ठेवावा: त्यात दोन मणक्यांमधली चकती सहसा खराब होते, कर्करोगात बहुधा शाबूत राहते. सुरुवातीला एक्स-रे निर्दोष येऊ शकतो, म्हणून बोन स्कॅन. खात्री बायोप्सीने.

पाय जड पडणे, चप्पल निसटल्याचे न कळणे, बैठकीची जागा बधिर होणे, लघवी तुंबणे, ही मज्जारज्जू दबल्याची लक्षणे. इथे बायोप्सीसाठी थांबू नये. डेक्सामेथासोन सुरू करून त्याच दिवशी संपूर्ण मणक्याच्या एमआरआयसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवावे. पुढे रेडिएशन किंवा शस्त्रक्रिया. पायांवर चालत आलेला रुग्ण उपचारानंतर बहुधा चालता राहतो; पाय पूर्ण गेल्यावर ते क्वचितच परत येतात. रोग आवरायला टेस्टोस्टेरॉनही उतरवावे लागते; पण ल्युप्रोलाइडसारखे इंजेक्शन ते आधी काही दिवस वाढवते व मज्जारज्जूवरचा दाब बळावू शकतो. म्हणून अशा रुग्णाला ते एकटे कधीच देऊ नये. वृषण काढण्याची शस्त्रक्रिया किंवा डेगारेलिक्स त्याहून सुरक्षित.