अडकणाऱ्या कळा आणि तेलाची कुपी

प्रश्न : आजोबांचा ऑलिव्हेटी लेटेरा 32 टाइपरायटर माळ्यावर सापडला. दाबलेली कळ वर येत नाही. तेल घालू का? – एक वाचक, कुंडम (जि. जबलपूर)

उत्तर : तेल अजिबात घालू नका! कळा अडकतात त्या बहुधा जुन्या तेलामुळेच. झाकण काढलेत की अर्धगोल पट्टीतल्या अरुंद खाचा दिसतील. अक्षरांच्या काड्या त्यांतूनच वर उठतात. तिथले तेल धुळीत मिसळून चिकट झालेले असते. रंगाच्या दुकानातले मिनरल टर्पेंटाइन जुन्या टूथब्रशने त्या खाचांत फिरवा, कळ वरखाली करा, कापडाने मळ टिपा. दोनतीनदा करावे लागेल. काम उघड्या हवेत, विस्तवापासून दूर करा. रंगावर, रबरावर थेंब पडू देऊ नका. काडी वाकवून सरळ करण्याचा मोह मात्र टाळा, अक्षरांची ओळ कायमची बिघडते.

रिबन अर्धा इंच रुंदीची, म्हणजे सुमारे 13 मिलिमीटरची लागते. जुनी रिळे फेकू नका, नवी रिबन त्यांवरच गुंडाळा. तिच्या टोकांजवळ धातूची बारीक कडी हवी. तिच्यामुळेच रिबन आपोआप उलट फिरते. रूळ कडक झाला असेल तर कागदामागे आणखी एक कागद लावा.

हे यंत्र 1963 साली बाजारात आले. त्याचा लहान आकार फसवा आहे, बांधणी भक्कम असते. जबलपूरकडच्या पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. मूळ रंग घासून नवा देऊ नका. आजोबांच्या बोटांनी झिजलेल्या कळा तशाच राहू द्या.