मतदाराचें सामर्थ्य

लोकशाहींत खरी सत्ता कोणाची, असें विचारलें असतां कोणी पंतप्रधानांचें नांव सांगतो, कोणी मुख्यमंत्र्यांचें. परंतु हे दोघेही ज्याच्या दारीं मत मागावयास जातात, तो सामान्य मतदारच होय. त्याचें सामर्थ्य कशांत आहे, याचा आम्ही येथें थोडा विचार करणार आहों.

पहिली गोष्ट समानता. १९३५ च्या कायद्याप्रमाणें मालमत्ता, कर, शिक्षण इत्यादि अटींत बसणाऱ्यांसच मत देतां येई. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनें त्या अटी दूर सारून २१ वर्षांवरील सर्व स्त्रीपुरुषांस मताधिकार दिला. १९८९ पासून ती वयोमर्यादा १८ वर्षांवर आली आहे.

दुसरी गोष्ट गुप्तता. इंग्लंडांत १८७२ पर्यंत मत उघडपणें द्यावें लागे. त्यामुळें जमीनदाराच्या मर्जीबाहेर जाण्याची कुळाची छाती होत नसे. गुप्त मतदानानें त्या धाकाचें मूळच उपटलें.

तिसरी गोष्ट मतदारयादींतील नांव. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठीं याद्या तयार होत असतां, विशेषतः उत्तर भारतांतील पुष्कळ स्त्रियांनीं परक्या माणसास आपलें नांव सांगितलें नाहीं. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची पत्नी’ एवढीच ओळख त्यांनीं दिली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशा नोंदी ग्राह्य मानल्या नाहींत, आणि सुमारें २८ लक्ष स्त्रियांचीं नांवें यादींतून गळलीं. घटनेनें दिलेला अधिकार नांवावांचून व्यर्थ गेला!

“पण माझ्या एका मतानें काय होणार?” असें कित्येक म्हणतात. २००४ सालीं कर्नाटकांतील संथेमरहळ्ळी मतदारसंघांत विजयी उमेदवारास ४०,७५२ मतें पडलीं व पराभूतास ४०,७५१. त्या दिवशीं घरीं बसून राहिलेल्या पराभूताच्या केवळ दोन पाठीराख्यांनीं निकाल फिरविला असता.

असें हें मत जो पैशांस विकतो किंवा केवळ जात पाहून देतो, त्यास पुढें पांच वर्षें जाब विचारावयास तोंड उरत नाहीं. पालकांनीं मुलांदेखत या गोष्टींची चर्चा करावी. कारण नागरिकत्वाचा पहिला धडा घरींच मिळतो. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस मताधिकार मिळण्यास अजून अवकाश आहे. तोंवर एक काम करा. मतदारयादींत तुमच्या आईचें व आजीचें नांव आहे ना, आणि तें त्यांच्या स्वतःच्या नांवानें बरोबर लिहिलें आहे ना, हें आजच पाहून घ्या.