सल्लागार हवा की हंगामी कारभारी?

बारामती-इंदापूर भागातील आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे एक प्रश्न नेहमी येतो. शाखा काढावयाची असते, शिलाईचा कारखाना वाढवावयाचा असतो किंवा घरातील कर्ता माणूस आजारी पडतो. अशा वेळी बाहेरचा माणूस घ्यावा लागतो. तो सल्लागार असावा की हंगामी व्यवस्थापक? यात गल्लत झाली की पैसाही जातो आणि कामही अडते.

सल्लागार पाहणी करतो, दोष दाखवितो, उपाय लिहून देतो. अंमल मालकानेच करावयाचा असतो. हंगामी व्यवस्थापक ठरलेल्या मुदतीपुरता गादीवर बसतो, माणसांना कामाला लावतो, खरेदी-वसुली पाहतो आणि हिशेब देऊन निघून जातो.

आपल्या फिकहमध्ये मजुरीचा असाच भेद केलेला आहे. जो आपला वेळ एकाच मालकाला देतो व वेळेच्या हिशेबाने उजरत घेतो, तो अजीर-ए-खास. शिंपी-रंगाऱ्याप्रमाणे जो अनेकांची कामे घेतो आणि काम पुरे झाल्यावर उजरतीचा हक्कदार होतो, तो अजीर-ए-मुश्तरक. म्हणून सल्लागाराची फी कामावर ठरवावी, हंगामी व्यवस्थापकाची महिन्यावर.

बारामतीचा टेक्स्टाइल पार्क आपल्या डोळ्यांसमोर आहे. केंद्र सरकारच्या २००५ च्या ज्या योजनेतून तो उभा राहिला, तिच्यात प्रकल्प अहवाल करणारी सल्लागार संस्था वेगळी आणि पार्क उभारून चालविणारी उद्योजकांची कंपनी वेगळी, अशीच रचना होती. सांगणारा व करणारा यांची कामे आधीच वाटून दिलेली होती.

आम्ही मात्र ही चूक केली. इंदापूरची शाखा पाहणारे आमचे धाकटे भाऊ शस्त्रक्रियेमुळे तीन महिने घरी होते. शाळांच्या गणवेशांचा माल जूनपूर्वी द्यावयाचा होता. आम्ही पुण्याहून सल्लागार आणले. त्यांचा अहवाल चांगला होता. पण कटिंग मास्तर आणि काज-बटण करणाऱ्यांना रोज सकाळी काम वाटून देणारा कोणी नव्हता. माल जुलैत पोहोचला आणि एका शाळेने निम्मा परत केला. दोष सल्लागारांचा नव्हता. आम्हाला हात हवे होते आणि आम्ही डोळे विकत घेतले! पुढील हंगामात कारखान्यातून निवृत्त झालेले एक अनुभवी गृहस्थ चार महिन्यांसाठी ठेवले. माल वेळेवर गेला.

मोठ्या घराण्यांनाही हंगामी माणूस लागतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये टाटा सन्सचे अध्यक्ष हटविले गेले, तेव्हा रतन टाटा हंगामी अध्यक्ष झाले. कायमचा माणूस शोधला गेला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये एन. चंद्रशेखरन यांनी सूत्रे घेतली. हंगामी माणूस असतानाच पुढच्याचा शोध घ्यावा, हा त्यातील धडा.

तेव्हा प्रथम स्वतःला विचारावे: काय करावयाचे ते ठाऊक नाही, की ठाऊक आहे पण करणारा नाही? पहिले असेल तर सल्लागार घ्यावा, दुसरे असेल तर हंगामी व्यवस्थापक. दोन्ही असेल तर क्रम पाळावा. हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांनी आधी बादशहाच्या स्वप्नाचा अर्थ सांगून धान्य कणसातच राखून ठेवण्याचा मशवरा दिला. खजिन्याची जबाबदारी नंतर मागून घेतली.

कोणीही घ्या, करार लेखी असावा. त्यात काम, मुदत, उजरत आणि शेवटी कोणते कागद व हिशेब सोपवावयाचे ते लिहावे. हंगामी व्यवस्थापकाला किती रकमेपर्यंत खरेदीचा अधिकार आहे, हेही नमूद करावे. बँकेची सही शक्यतो आपल्याच हाती ठेवावी. आणि आपल्या नोकरांना पहिल्याच दिवशी सांगावे की मुदतीपर्यंत यांचा शब्द तो आमचा शब्द. अधिकाराविना बसविलेला माणूस गादीवर असूनही पाहुणाच राहतो.

अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.