वाघ-बकरी

गावातल्या जुन्या दगडी देवळात गेलात, तर दर्शन झाल्यावर एकदा खाली पाहा. मंडपाच्या फरशीवर, पायरीवर किंवा ओट्याच्या कडेला कधी कधी रेघा कोरलेल्या दिसतात. कुठे एकात एक असे तीन चौकोन असतात. कुठे दोन ओळींत खळगे असतात. कुठे एका मोठ्या चौकोनात आडव्या, उभ्या आणि तिरक्या रेघा असतात. ही अक्षरे नाहीत. हे खेळाचे पट आहेत. ज्यांना तिथे बसून वेळ काढायचा होता, त्यांनी ते कोरले. खेळायला पैसा नको होता. चार खडे मिळाले की झाले.

आडव्या, उभ्या आणि तिरक्या रेघांच्या पटावर वाघ-बकरी खेळतात. तो खेळ आज शिकू या. एक कोळसा घ्या आणि ओट्यावर बसा.

आधी एक मोठा चौकोन काढा. त्याच्या आत सारख्या अंतरावर ३ उभ्या आणि ३ आडव्या रेघा ओढा. आता १६ लहान चौकोन झाले. रेघा जिथे एकमेकींना भेटतात, त्या जागा मोजा. कडेच्या जागाही धरा. एका ओळीत ५, अशा ५ ओळी. पाच पंचे पंचवीस. या २५ जागांना आपण घरे म्हणू. आता समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या दोन तिरक्या रेघा ओढा. शेवटी प्रत्येक बाजूचा मधला बिंदू शेजारच्या बाजूच्या मधल्या बिंदूला तिरकाच जोडा. पट तयार झाला.

वाघ ४, बकऱ्या २०. वाघाला मोठे खडे घ्या, बकरीला चिंचोके चालतील. चार वाघ चार कोपऱ्यांत बसवायचे. बकऱ्या मात्र हातातच राहतात. बकरीवाल्याने एक बकरी रिकाम्या घरात ठेवायची, मग वाघवाल्याने एक वाघ रेघेवरून शेजारच्या घरात न्यायचा. पुन्हा एक बकरी, पुन्हा वाघाची चाल. विसाच्या वीस बकऱ्या पटावर आल्याशिवाय कोणतीही बकरी जागची हलवायची नाही. नंतर तीही एक घर चालते.

वाघ बकरी कशी खातो? वाघाच्या शेजारी बकरी आहे आणि त्याच सरळ रेघेत तिच्या पलीकडचे घर रिकामे आहे, तर वाघ तिच्यावरून उडी मारून त्या घरात जातो. बकरी गेली. पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकला. बकरी कोणाला खात नाही. ती फक्त वाट अडवते. चारही वाघांना हलायला जागा उरली नाही की बकऱ्या जिंकल्या. गावोगाव यात थोडा फरक असतो. खेळायला बसण्याआधी नियम ठरवून घ्यावा, म्हणजे भांडण नको.

आम्ही लहान असताना प्रत्येकाला वाघच हवा असे. वाघ व्हायचे, उडी मारायची, चिंचोका उचलायचा, मजा! माझी आई मात्र नेहमी बकऱ्या घ्यायची आणि बहुतेक वेळा जिंकायची. मी एकदा विचारले, "आई, तू वाघ का घेत न्हाईस?" ती म्हणाली, "वाघाला काय, पुढं बघितलं की झालं. बकरीला पाठीमागंबी बघावं लागतं."

बघा, त्यात किती अर्थ आहे. बकरी मरते ती समोर वाघ आहे म्हणून नव्हे, तर तिच्या पाठीमागचे घर रिकामे आहे म्हणून. समजा, पहिली बकरी तुम्ही वरच्या ओळीच्या मधल्या घरात ठेवली. डाव्या कोपऱ्यातला वाघ एक घर सरकून तिला खेटला. आता तिच्या उजवीकडचे घर रिकामे राहिले, तर पुढच्या चालीत ती गेलीच. म्हणून दुसरी बकरी तिथेच ठेवायची. त्या दुसऱ्या बकरीच्या उजवीकडे, कोपऱ्यात, दुसरा वाघ बसलेला आहे. पण त्यालाही उडी मारता येत नाही, कारण तिच्या पाठीशी पहिली बकरी आहे. दोन चिंचोक्यांनी दोन वाघ थोपवले.

आणखी एक खुबी सांगतो. सुरुवातीला बकऱ्या कडेच्या घरांत ठेवाव्या. कडेच्या बकरीवरून वाघ आतून बाहेर उडी मारू शकत नाही, कारण बाहेर घरच नाही. पटाच्या मधोमध ठेवलेल्या बकरीला आठही दिशांनी भीती असते.

आईला लिहिता-वाचता येत नव्हते. १९७२ साली मोठा दुष्काळ पडला, तेव्हा ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. मीही तिच्याबरोबर असे. दुपारी भाकरी खाल्ली की बायका बाभळीखाली टेकत. कोणी कोळशाने दगडावर पट आखी. खड्यांना तर तोटाच नव्हता. आईने त्यातले २० सारखे, गुळगुळीत खडे निवडून एका पिशवीत ठेवले होते. त्या तिच्या बकऱ्या.

हे खडे तिने आणखी एका कामाला लावले. रोज काम सुटले की पिशवीतला एक खडा काढून ती पदराच्या गाठीत बांधी. खेळताना गाठ सोडायची नाही. उणे पडतील तितके चिंचोके घ्यायचे. एकदा पगाराच्या दिवशी मुकादमाने हजेरीपट वाचला आणि आईचे ११ दिवस सांगितले. अंगठा उठवण्यासाठी शाईचा डबा पुढे सरकवला. आईने हात मागे घेतला. पदराची गाठ सोडली आणि त्याच्यासमोर खडे मांडले.

"दादा, मोजा. खडे तेरा हाईत. माझा खाडा एकबी न्हाई."

मुकादम आधी हसला. मागे रांगेत उभ्या असलेल्या बायका हसल्या नाहीत. "मोजा की, मोजायला काय जातंय?" असे दोघी-तिघी म्हणाल्या. त्याने हजेरीपट पुन्हा पाहिला. दोन दिवस खालच्या ओळीत, दुसऱ्याच बाईच्या नावापुढे पडले होते. आईला तेरा दिवसांचे पैसे मिळाले. दुसऱ्या दिवसापासून बाभळीखाली बसणाऱ्या सगळ्यांच्या पदराला गाठी दिसू लागल्या. मुकादमही हजेरी मांडताना नाव दोनदा विचारू लागला.

वाघ आणि बकऱ्यांचा हा खेळ फक्त आपलाच आहे असे समजू नका. नेपाळात तो घरोघरी ठाऊक आहे. तिथे त्याला बाघचाल म्हणतात आणि आपण आत्ता आखला तोच २५ घरांचा पट वापरतात. तमिळनाडूत आडू-पुली-आट्टम खेळतात. आडू म्हणजे बकरी, पुली म्हणजे वाघ. तिथला पट त्रिकोणी, वाघ ३ आणि बकऱ्या १५. मलेशियातही वाघाचा असाच खेळ आहे. त्याचे नाव रिमाऊ-रिमाऊ. रिमाऊ म्हणजे वाघच. जिथे माणसाने गुरे-शेळ्या पाळल्या आणि जवळच्या रानात वाघ होता, तिथे हा खेळ रुजला, असे मला वाटते.

शिकलेल्या लोकांनीही याचा अभ्यास केला आहे. नेपाळच्या पटावरचा डाव दोन्ही बाजूंनी एकही चूक न करता खेळला, तर कोणीच जिंकत नाही, डाव बरोबरीत सुटतो, असे संगणकावर हिशेब करून दोघा संशोधकांनी दाखवले. त्यांचा निबंध २००९ साली एका पुस्तकात छापून आला. म्हणजे वाघ बलवान आणि बकरी दुबळी हे दिसायला खरे, पण पटावर दोघांचे पारडे सारखेच आहे.

सारीपाटाची गोष्ट वेगळी. तोही जुना आणि देखणा खेळ. वेरूळच्या २१ व्या लेण्यात शंकर-पार्वती द्यूत खेळत बसलेले कोरले आहेत. पण त्यात फासा किंवा कवडी पडेल तशी सोंगटी चालते. नशिबाचा वाटा आला की पैज येते. धर्मराजाचे काय झाले ते तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या गावातही एकाने बैल विकून आलेले पैसे दिवाळीत सोंगट्यांवर घालवले. वाघ-बकरीत फासा नाही. हरलो तर आपल्या चालीने हरलो, दैवाला बोल लावता येत नाही. म्हणूनच की काय, या खेळावर पैसे लावलेले मी पाहिले नाहीत.

आता हे कोरलेले पट कमी होत चालले आहेत. देवळाचा जीर्णोद्धार होतो, जुने दगड निघतात, त्यांवर गुळगुळीत लाद्या बसतात. लादी झाडायला सोपी, हे खरे आहे. पण लादीखाली काय गेले ते कोणी पाहिलेले नसते. आमच्या देवळातला पटाचा दगड असाच काढला गेला. एका म्हाताऱ्या आत्याने तो ओळखला आणि पोरांकडून उचलवून विहिरीच्या कट्ट्याशी ठेवला. तो अजून तिथेच आहे. धुणे धुताना त्यावर कोणी कपडे आपटू लागले, की ती दुसरा दगड दाखवीत असे. तुमच्या गावी लाद्या बसायच्या असतील, तर आधी दगड पाहून घ्या. पट सापडला तर तेवढा दगड बाजूला ठेवायला सांगा. जागा नसली तर निदान त्याच्या रेघा वहीत उतरवून घ्या.

आता तुमची पाळी. मघाचीच मांडणी पुन्हा लावा. वरच्या ओळीत डावीकडून दुसऱ्या घरात वाघ, मग शेजारी शेजारी दोन बकऱ्या, मग कोपऱ्यात वाघ. खालच्या डाव्या कोपऱ्यात एक वाघ आहे. खालच्या उजव्या कोपऱ्यातला वाघ तिरक्या रेघेने एक घर आत आला आहे. तिसरी बकरी तुमच्या हातात आहे. ती पटाच्या अगदी मधोमध ठेवली तर काय होईल? आणि खालच्या ओळीच्या मधल्या घरात ठेवली तर? खडे मांडून पाहा आणि शेजाऱ्याला वाघ खेळायला बसवा.