पोपटाचा पिंजरा आणि नोहाचे तारू



संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या सणाला, म्हणजे 4 ऑक्टोबरच्या सुमारास, प्राण्यांना आशीर्वाद देण्याची प्रथा ख्रिस्तसभेत अनेक ठिकाणी आहे. त्याविषयी रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात बोलणे चालले होते. शेळी आणता येईल का, कोंबडी आणता येईल का, असे मुले विचारत होती. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "फादर, आमच्या मिठूला पण आशीर्वाद द्याल ना?" मिठू म्हणजे पिंजऱ्यातला पोपट. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. उत्तर एका वाक्यात मावणारे नव्हते, म्हणून ते या पानावर देत आहे.

आपल्या मराठीत दोन शब्द आहेत आणि त्यांत फार मोठा फरक आहे. एक 'पाळीव' आणि दुसरा 'माणसाळलेला'. गाय, शेळी, कोंबडी, कुत्रा हे पाळीव. त्यांच्या शेकडो पिढ्या माणसाच्या दारात जन्मल्या आणि वाढल्या. कुत्र्याची सोबत तर किमान पंधरा हजार वर्षांची आहे असे शास्त्रज्ञ सांगतात. एवढ्या काळात त्यांचा स्वभावच बदलला. माणसाजवळ राहणे हेच आता त्यांचे घर आहे. माणसाळलेला प्राणी मात्र वेगळा. तो एकटा आपल्या हातचे खाऊ लागतो, पण त्याची जात रानाचीच राहते. आपल्या माळावर लांडगे आहेत. कुत्र्याचे आणि लांडग्याचे पूर्वज एकच, तरीही लांडग्याचे पिल्लू दूधभाकरीवर वाढवले म्हणून त्याचा कुत्रा होत नाही. हत्ती हजारो वर्षे माणसाच्या कामाला जुंपला गेला, पण तोही पाळीव झाला नाही. प्रत्येक हत्ती नव्याने माणसाळवावा लागतो, आणि ते कसे करतात हे पाहिलेल्या माणसाला त्याची पुन्हा आठवण नको वाटते.

पवित्र शास्त्र पाळीव प्राण्यांवरच्या मायेला नावे ठेवत नाही. नाथान संदेष्टा दावीद राजाला गरीब माणसाच्या मेंढीची गोष्ट सांगतो (2 शमुवेल 12). ती मेंढी त्याच्या ताटातले खात असे, त्याच्या कुशीत झोपत असे, त्याला मुलीसारखी होती. ती हिरावून घेतली हे ऐकून दावीद संतापतो, आणि ते योग्यच होते. पण रानातल्या प्राण्यांविषयी बोलताना शास्त्राचा सूर बदलतो. ईयोबाच्या पुस्तकाचे शेवटचे अध्याय जरूर वाचा. रानगाढवाला मोकळे कोणी सोडले, रानबैल तुझ्या गोठ्यात रात्र काढील का, असे प्रश्न देव ईयोबाला विचारतो. एका ठिकाणी तर (अध्याय 41) अजस्र जलचराचा विषय काढून तो विचारतो की, पाखराशी खेळतोस तसा याच्याशी खेळशील काय, मुलींच्या करमणुकीसाठी याला बांधून ठेवशील काय? म्हणजे पाखरू बांधून मुलांना खेळायला देण्याची रीत त्या काळीही होती! देव तिथे काही प्राण्यांविषयी अभिमानाने बोलतो. ते माणसाच्या काही उपयोगाचे नाहीत आणि माणसाच्या ताब्यातही नाहीत, तरी देवाला ते आवडतात.

यावर कोणी म्हणेल, फादर, देवाने माणसाला सर्व प्राण्यांवर सत्ता दिली ना? दिली, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात. पण दुसऱ्या अध्यायात ती सत्ता कशी चालवायची तेही सांगितले आहे. बागेची मशागत कर आणि राखण कर (उत्पत्ती 2:15). राखण म्हणजे काय हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. ज्वारी निसवल्यावर माळ्यावर बसणारा राखणदार त्या पिकाचा मालक असेलच असे नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रात याच दोन शब्दांवर भर दिला होता.

थोडे तत्त्वज्ञान सांगतो. सेमिनरीत ते शिकलो तेव्हा रुक्ष वाटे. ॲरिस्टॉटल म्हणतो, प्रत्येक वस्तूचा एक स्वभाव असतो, आणि त्या स्वभावाप्रमाणे तिचे काम नीट चालणे यातच तिचे भले असते. सुरीचे भले धारेत, डोळ्याचे पाहण्यात. मग पोपटाचे भले कशात? भिजवलेल्या डाळीत आणि हिरव्या मिरचीत? पोपट थव्याने राहतो, जोडी जमवतो, झाडाच्या ढोलीत पिले वाढवतो, सकाळ-संध्याकाळ कोसन् कोस उडतो. पिंजऱ्यात त्याला खाणे मिळते, पण या सगळ्यातले काहीच मिळत नाही. तो 'मिठू मिठू' बोलतो ते आपल्याला गोड वाटते. थव्यात जो आवाज तो आपल्या भाईबंदांना घालायचा, तोच आवाज तो आता आपल्याला घालतो, कारण दुसरे कोणी उरलेलेच नाही. संत थॉमस अक्वायनस यात एक पायरी पुढे जातात. देवाचे चांगुलपण एका प्राण्यात मावणार नाही म्हणून त्याने नाना प्रकारचे जीव केले, असे ते सांगतात. एकात जे उणे राहते ते दुसऱ्यात दिसते. मग उडणाऱ्या पाखराचे उडणेच काढून घेतले, तर देवाने त्याच्यात दाखवायला ठेवलेले आपण पुसून टाकतो, असे मला वाटते.

आता कायदा. याविषयी आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. त्यात 'शिकार' या शब्दात मारणे तर येतेच, पण पकडणे आणि सापळा लावणेही येते. आपला हिरवा, गळ्याला कंठ असलेला पोपट या कायद्याखाली संरक्षित आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर, जी 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, तो दुसऱ्या अनुसूचीत आहे. तारांकित कासव तर पहिल्याच अनुसूचीत आहे. 'घरात ठेवले की पैसा येतो' म्हणून कोणी ते विकत आणले असेल, तर पैसा येण्याऐवजी वनखाते येण्याची शक्यता अधिक. लव्हबर्ड किंवा बजरीगर हे परदेशी पक्षी, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात पैदास झालेले, त्यांची गोष्ट वेगळी. मकाव किंवा आफ्रिकेचा राखी पोपट यांची मात्र आता सरकारकडे नोंदणी करावी लागते.

आणि हिरवा पोपट बाजारात येतो कसा? ढोलीतून पिले काढली जातात, पोत्यात किंवा खोक्यात कोंबली जातात, त्यांतली कितीतरी वाटेतच मरतात. एक विकत घेतले की विकणारा आणखी दहा काढायला जातो. 'आम्ही तर जीव लावतो त्याला' हे म्हणणे खरे असते. पण जीव लावण्याआधी पैसे मोजले गेले, आणि ते कोणाच्या हातात गेले हाही आपल्या विवेकाचा प्रश्न आहे.

आपला करमाळा तालुका एकेकाळी माळढोक अभयारण्याच्या क्षेत्रात होता, हे नव्या पिढीला सांगावे लागते. शेजारी कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य आहे. उजनीच्या पाण्याने ऊस आला आणि उसात बिबट्या आला. डिसेंबर 2020 आपण कोणीच विसरलेलो नाही. एका बिबट्याने आपल्या तालुक्यात तीन माणसांचे बळी घेतले, त्यात ऊसतोड मजुराची लहान मुलगी होती. 18 डिसेंबरला बिटरगावच्या शिवारात तो गोळी घालून मारला गेला. ते दिवस आठवले की बिबट्याविषयी प्रेमाने बोलणे अवघड जाते, आणि ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांच्यासमोर मी तसे बोलणारही नाही. पण त्यातून एक गोष्ट मात्र शिकावी. रानातला प्राणी आपल्या सोयीने गोजिरवाणा किंवा भयंकर होत नाही. तोडणीच्या हंगामात राज्यात ठिकठिकाणी उसाच्या फडात बिबट्याची पिले सापडतात. मांजरीच्या पिलाएवढी असतात. पोरे ती उचलून घरी नेतात, मोबाईलवर फोटो काढतात, दूध पाजतात. तिकडे आई फडाभोवती शोधत फिरते. जुन्नर भागात वनखात्याने आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातल्या लोकांनी हे काम फार चांगले केले आहे. पिले तपासून संध्याकाळी जिथे सापडली तिथेच खोक्यात ठेवायची आणि दूर थांबायचे. पुष्कळदा आई येते आणि एकेक तोंडात धरून घेऊन जाते. तिथे प्रेम म्हणजे हात न लावणे.

सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे नांदणीची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठात महादेवी नावाची हत्तीण 1992 पासून होती. लोक तिला माधुरीही म्हणत. तिचे पाय, सांधे आणि मन यांच्या दुखण्याविषयी तक्रार झाली. 16 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामनगरच्या केंद्रात हलवण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, आणि जुलैअखेर ती गेली. गावाने रडत निरोप दिला. नंतर हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी चालत गेले, कित्येकांनी रागाने मोबाईलची सिमकार्डे बदलली. पुढे नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र करण्याचा प्रस्तावही आला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की धर्मकार्यासाठी हत्ती वापरण्याचा माणसाचा हक्क आणि हत्तीचे भले यांत निवड करायची वेळ आली, तर हत्तीचे भले आधी. मला ते पटते. पण त्या लोकांचे रडणे खोटे होते असे मी म्हणणार नाही. अहिंसेचे व्रत आपल्यापेक्षा किती तरी कडक पाळणारा तो समाज आहे.

शिवाय आपल्यालाही बोट दाखवायला जागा नाही. 1514 साली पोर्तुगालच्या मानुएल राजाने पोप दहावे लिओ यांना एक पांढरा हत्ती भेट दिला. तो आपल्या भारतातूनच गेला होता. त्याचे नाव हान्नो. रोमच्या रस्त्यांतून त्याची मिरवणूक निघाली, पोपमहाशयांचा तो अतिशय लाडका झाला. दोन वर्षांत तो आजारी पडला. वैद्यांनी त्याला सोने घातलेले रेचक दिले आणि 1516 च्या जूनमध्ये तो मेला. पोप फार दुःखी झाले. राफाएलसारख्या चित्रकाराकडून त्यांनी त्याचे चित्र काढून घेतले. प्रेमात काही कमी नव्हते. हान्नोला मात्र त्या प्रेमाचा उपयोग झाला नाही.

मग कोणी हेमलकसाचे उदाहरण देईल. डॉ. प्रकाश आमटे यांच्या अंगाखांद्यावर बिबटे खेळतानाची चित्रे आपण पाहिली आहेत, 2014 चा चित्रपटही पुष्कळांनी पाहिला असेल. पण तिथली सुरुवात लक्षात घ्या. भामरागडच्या जंगलात भुकेपोटी शिकार करणारे माडिया लोक मेलेली माकडीण घेऊन चालले होते आणि तिचे जिवंत पिल्लू तिला बिलगून होते. डॉक्टरांनी ते मागून घेतले. पुढे असे अनाथ जीव येत गेले, आणि बदल्यात लोकांना धान्य दिले जाऊ लागले. कोणी हौसेने पिल्लू विकत आणले नव्हते. ज्याची आई गेली त्याला आसरा देणे आणि आसऱ्यासाठी म्हणून आईपासून तोडणे या दोन गोष्टी फोटोत सारख्याच दिसतात. त्या प्राणी-अनाथालयाला इंग्रजीत 'आर्क' म्हणतात, म्हणजे नोहाचे तारू.

नोहाच्या तारवाची गोष्ट आपण मुलांना चित्रे दाखवून सांगतो आणि प्राणी आत शिरले की थांबतो. पण जलप्रलय ओसरल्यावर देवाची आज्ञा काय होती? सगळ्यांना बाहेर सोड (उत्पत्ती 8:17). तारू हा निवारा होता, प्राणिसंग्रहालय नव्हते. नोहाने कबुतर सोडले, ते परत आले तेव्हा त्याने हात बाहेर काढून त्याला आत घेतले. दुसऱ्यांदा ते जैतुनाचे पान घेऊन आले. तिसऱ्यांदा ते परत आले नाही, आणि तीच खरी आनंदाची बातमी होती, कारण पाखराला बसायला झाड मिळाले होते.

संत फ्रान्सिसांच्या पहिल्या चरित्रातही असाच एक प्रसंग आहे. ग्रेच्चो गावी एका बंधूने फासात सापडलेला जिवंत ससा त्यांच्याकडे आणला. फ्रान्सिसांनी त्याला कुरवाळले आणि जमिनीवर सोडले. ससा पुन्हा त्यांच्या कुशीत आला. असे अनेकदा झाले. 'बघा, याला माझा लळा लागला' म्हणून त्यांनी तो ठेवून घेतला नाही. शेवटी त्यांनी बंधूंना त्याला जवळच्या रानात नेऊन सोडायला सांगितले.

आता मिठूविषयी. ज्यांच्या घरी असा पोपट आहे त्यांनी हा लेख वाचून लगेच पिंजऱ्याचे दार उघडू नये, ही माझी कळकळीची विनंती. लहानपणापासून पिंजऱ्यात वाढलेल्या पाखराला उडण्याचे बळ नसते, स्वतःचे खाणे शोधता येत नाही. मांजर किंवा कावळे त्याला संध्याकाळपर्यंत जगू देणार नाहीत. वनखात्याच्या 1926 या मोफत क्रमांकावर फोन करावा, किंवा मिस्सानंतर मला भेटावे, आपण मिळून वनखात्याच्या कार्यालयात जाऊ. मुलांना आधी समजावून सांगा, त्यांना निरोप घ्यायला वेळ द्या, रडू द्या. नवे पाखरू मात्र कोणी आणू नये. उन्हाळ्यात अंगणात पाण्याचे मातीचे भांडे ठेवले तर पोपट आपण होऊन येतील. भांडे रोज धुवावे.

प्राण्यांच्या आशीर्वादासाठी गायी, म्हशी, शेळ्या, कुत्री, मांजरे, कोंबड्या अवश्य आणा. कुत्र्यांना दोरी बांधून आणावे, कोंबड्यांपासून लांब उभे राहावे. मिठूसाठीही मी प्रार्थना म्हणेन, पण ती त्या मुलीच्या घरी जाऊन, त्याला न्यायच्या दिवशी.

आपला,
धर्मगुरू