गाळा घेण्यापूर्वी पाणी पाहा

अंबाजोगाई व परिसरातील कारागीर बांधव औद्योगिक वसाहतीत गाळा किंवा प्लॉट घेऊ पाहतात, तेव्हा भाव, रस्ता आणि वीज यांची कसून चौकशी करतात. पाण्याची गोष्ट मात्र शेवटी निघते. आपल्या भागात ती सर्वांत आधी निघाली पाहिजे.

लातूर शहर, तेथील एम.आय.डी.सी., अंबाजोगाई, केज, धारूर आणि कळंब या सर्वांची मदार केज तालुक्यातील धनेगावच्या मांजरा धरणावर आहे. धरणाची क्षमता सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर. पण ते भरणे पावसाच्या हाती. २०१६ च्या उन्हाळ्यात धरण आटले आणि लातूरला पिण्याचे पाणी सुमारे ३४० कि.मी. वरील मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. १२ एप्रिलला आलेल्या पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. जवळच्या परळीचे औष्णिक वीज केंद्रही २०१३ व २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. एवढ्या मोठ्या केंद्राची ही गत, तर लहान कारखानदाराचे काय?

टंचाईत पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा. २०११ मध्ये शासनाने शेतीला दुसरा व उद्योगाला तिसरा क्रम दिला. म्हणजे नळ प्रथम बंद होतो तो कारखान्याचा.

म्हणून व्यवहारापूर्वी तीन गोष्टी कराव्यात.

१) धंद्याची गरज ओळखा. कपडे रंगविणे, कातडी कमावणे, बर्फ, विटा यांना पाणी भरपूर लागते. वेल्डिंग, फर्निचर, शिलाई, गॅरेज यांचे थोडक्यात भागते.

२) टंचाईचा हिशेब मांडा. रोज २,००० लिटर लागत असतील, तर १२० दिवसांत २,४०,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे २४ टँकर. त्यास गावातील टँकरच्या उन्हाळी दराने गुणा. तेवढी रक्कम नफ्यातून निघत नसेल, तर धंदा किंवा जागा बदला.

३) वसाहतीतील जुन्या गाळेधारकांना विचारा, २०१६ मध्ये नळ किती दिवस बंद होता?

एम.आय.डी.सी.चा प्लॉट साधारणतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो. एवढ्या काळात दुष्काळ अनेकदा येणार, हे धरूनच भांडवल गुंतवावे. छपरावरील पावसाचे पाणी साठविणारी टाकी शेड बांधतानाच करून घ्यावी. नंतर ती महाग पडते.